गुंडूची पाठ

काकूंना बसलेलं मी तीन वर्षांत दोनदाच पाहिलं. त्यातली एक वेळ ऑटोमधली. ऑटोत उभं राहता येत नाही, त्यामुळे ती खरं तर धरूच नये. दुसरी वेळ कोणती, ते सांगायचं तर आधी बरंच काही सांगावं लागेल.

हैदराबादला काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांची बिल्डिंग होती. दुसऱ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आणि चौघांना मिळून एक लांबलचक गॅलरी. त्या गॅलरीत काकू चालायच्या. सकाळचा चहा झाला की सुरू, ते दिवेलागणीपर्यंत. या टोकाच्या नळापासून त्या टोकाच्या जिन्यापर्यंत, आणि परत. गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत लोकरीचा गोळा, हातात क्रोशाची सुई. नजर समोर आणि बोटं आपापल्या कामाला लागलेली. शेजारची तेलुगू माणसं, खालचा पानवाला, कोपऱ्यावरचा शिंपी, सगळे त्यांना 'चलती अम्मा' म्हणत. दारावरच्या पाटीवर नाव होतं ते त्यांच्या यजमानांचं, आणि यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती.

मी नांदेडहून खोली शोधत आले तेव्हा माझी मुलाखत त्यांनी चालताचालताच घेतली. हातातली बॅग खाली ठेवायलाही सुचलं नाही. मी तशीच बॅग घेऊन त्यांच्या मागे या टोकाहून त्या टोकाला जात राहिले. बोलताना त्यांचे टाके मोजणं थांबत नसे. पाणी सहाला येतं, सतरा, अठरा, चपला बाहेर, एकोणीस, पुरुषमाणूस वर आणायचा नाही, वीस. मग काम काय करतेस म्हणून विचारलं. मी म्हटलं, कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी चित्रं काढते. त्या थबकल्या. हे काम बसून करायचं का, आणि किती वेळ, एवढंच त्यांनी विचारलं. नऊ-दहा तास, असं मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मला कुठलासा न बरा होणारा आजार आहे. खोली मात्र दिली.

खोलीची खिडकी गॅलरीत उघडायची. म्हणजे सुट्टीच्या दिवशी मी घरी काम करत बसले, की दर चाळीस सेकंदांनी माझ्या स्क्रीनवरून एक सावली सरकत जायची आणि स्लिपरचा चटक-चटक आवाज जवळ येऊन लांब जायचा. पहिले दोन महिने मला वाटायचं, आपल्याला वेड लागणार. मी पडदा लावला. तर सावली पडद्यावर यायला लागली.

काकू जेवायच्यासुद्धा उभ्यानं, ओट्याला टेकून, एका हातात ताटली. टीव्हीवरची मालिका त्या बघत, पण आत आल्या की बघायची, बाहेर गेल्या की नाही. त्यामुळे प्रत्येक मालिकेची त्यांना निम्मीच गोष्ट ठाऊक असे, आणि उरलेली निम्मी त्या स्वतः जुळवून घेत. त्यांची गोष्ट खऱ्या गोष्टीपेक्षा बरी असायची, हे मी प्रामाणिकपणे सांगते. लोकर आणायला दिलसुखनगरला जायच्या तेव्हा बसमध्ये कुणी उठून जागा दिली, तर म्हणायच्या, "नक्को बाबा, पुढंच उतरायचंय." मलकपेठही आलेलं नसायचं. घरात एकुलती एक लाकडी खुर्ची होती आणि तिच्यावर लोकरीच्या लडी रचलेल्या होत्या. पाहुणे आले तर त्यांनीही उभं राहावं, अशी सोय.

आणि उसवणं. विणण्यापेक्षा जास्त वेळ त्या उसवत. चार बोटं विणून झालं, की मागे कुठं तरी एक टाका चुकलेला सापडायचा, आणि मग त्या ते सगळं निर्विकार चेहऱ्यानं ओढून काढत. मला बघवायचं नाही. मी म्हणायची, काकू, कुणाला दिसणार आहे तो टाका? त्यावर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे, "उसवायला लाजायचं नाही. लोकर तीच राहते."

असं का चालता, हे मी एकदा धीर करून विचारलं. मला वाटलं होतं डॉक्टरनं सांगितलं असेल, नाहीतर काही दुःख असेल. काकू हसल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात चौदा माणसं. सासरे सरकारी नोकरीत, घराला मोठा आब, आणि पाहुण्यांची ये-जा. त्यांना क्रोशाचं वेड माहेरापासूनचं. पण सुई घेऊन टेकल्या, की कुणीतरी हाक मारायचं. चहा टाक, पान लाव, मूल धर. मग त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. ती त्यांनी मला सांगितली, तेव्हा बोटं थांबवून सांगितली.

"बसलेल्या बाईला लोक काम सांगतात ग. चालायलेली बाई दिसली, की समजतात, हिला कुणीतरी आधीच काम सांगितलंय."

तेव्हापासून त्या चालत होत्या. चौदा माणसांचं एक माणूस उरलं, हाक मारणारं कुणी उरलं नाही, पण पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या हाताचं काम हैदराबादच्या निम्म्या मराठी घरांत असेल, पण त्यांच्या नावानं एकही नाही. याला कारण रुखवत. नात्यातल्या, ओळखीतल्या कुठल्या मुलीचं लग्न ठरलं, की रुखवताचं सामान काकूंकडून. टेबलक्लॉथ, तोरणं, लोकरीचे ससे, हंस, पोपट. मांडवात ते टेबलावर मांडायचं आणि नवरीच्या आईनं वरपक्षाला सांगायचं, सगळं आमच्या मुलीनं केलंय. तसं सांगायची रीतच होती. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. पण एका मुलीच्या सासूनं ते खरं धरलं. तिनं सुनेला सांगितलं, असाच ससा माझ्या लेकीसाठी पण कर. त्या मुलीला क्रोशाची पहिली साखळीसुद्धा घालता येत नव्हती. ती रडत काकूंकडे आली. काकूंनी ससा करून दिला. मग दुसरा. मग मोर, मग बाळंतविडा. अकरा वर्षं हे चाललं. अकरा वर्षं ती मुलगी सासरी दार लावून विणायचं सोंग करत बसे, आणि इकडे काकू विणत.

हे सांगताना काकूंना राग आला होता आणि तो त्या मुलीचा नव्हता. त्या म्हणाल्या, मी तिला पहिल्याच दिवशी सुई हातात द्यायला पाहिजे होती. मी ती गोष्ट ऐकली, हसले, आणि विसरून गेले. इतकं छान विसरले की पुढं स्वतःच तिच्यासारखी वागले.

आमचं ऑफिस लहान होतं. सहा माणसं, एक गेम. त्यात एक प्राणी डावीकडून उजवीकडे पळत सुटतो आणि त्याच्यामागून काळोख येतो. प्राणी तीन सेकंद थांबला, की काळोख त्याला गाठतो आणि खेळ संपतो. प्राणी कसा असावा यावर दोन चित्रं तयार होती. एक माझं. बुटका, निळा, गोल डोक्याचा, एक कान मोडून लोंबणारा. त्याचं नाव गुंडू. दुसरं चित्र माझ्या शेजारी बसणाऱ्या विजयवाड्याच्या मुलीचं, पंख असलेला एक मासा. दोघींचंही कंत्राट महिन्याअखेर संपत होतं आणि दोघींपैकी एकीलाच ठेवणार, हे मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग त्यांनी एक युक्ती काढली. शनिवारी त्यांच्या सोसायटीतली दहा-बारा मुलं ऑफिसात खेळायला आणायची. टेबलावर दोन्ही प्राण्यांची मऊ खेळणी ठेवायची. मुलं ज्याला धरून बसतील, तो गेममध्ये राहील, आणि त्याची चित्रकारही.

घरी बाबांनी सांगूनच ठेवलं होतं. तिथं जमलं तर ठीक, नाहीतर ये परत, परभणीचं एक स्थळ चांगलं आहे, थांबलेत ते लोक. बाबा वाईट नव्हते. पण 'थांबलेत ते लोक' हे शब्द त्या आठवड्यात माझ्या कानात सारखे वाजत होते. मला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, बसवत नव्हतं. विजयवाड्याच्या मुलीनं सांगितलं, ती मासा बाहेरून शिवून घेणार आहे. आणि माझ्या तोंडून गेलं, मी स्वतःच्या हातानं करणार.

मला सुई धरता येत नव्हती. मालकांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं, तेवढ्यावर मी खूष.

काकूंना मी फक्त एवढंच सांगितलं, की ऑफिससाठी एक खेळणं हवंय आणि माझी नोकरी त्यावर आहे. त्यांनी चित्र मागितलं. मी मोबाइल धरून त्यांच्या बाजूनं चालायला लागले. त्यांनी गुंडूला पळवून दाखव म्हणून सांगितलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हा बसत नाही का? मी म्हटलं, नाही, थांबला की काळोख गाठतो. काकूंना गुंडू तिथंच आवडला. ते मला त्यांच्या चालण्यावरून कळलं, पावलं जरा झपझप पडायला लागली.

"आता ह्याची दुसरी बाजू दाखव."

दुसरी बाजू नव्हती. या खेळात प्राणी कायम एकाच बाजूनं दिसतो. आम्ही त्याची एकच बाजू काढली होती. काकूंना हे पटेना. एका बाजूचा कुणी असतो का? मग हा उलटा फिरून चालतो तेव्हा काय करता? मी सांगितलं, तेच चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं करतो. त्यांनी मला तसं करून दाखवायला लावलं. एकदा, दोनदा, पाचदा.

"मोडका कान हिकडचा तिकडं उडी मारतोय की ग."

मी बघितलं. खरंच, उजवीकडे जाताना गुंडूचा उजवा कान मोडलेला दिसायचा आणि डावीकडे वळला की डावा. आठ महिने आम्ही सहा माणसं रोज त्याच्याकडे बघत होतो. एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी ओशाळले. काकूंना त्यात काही विशेष वाटलं नाही, त्या पुढच्या प्रश्नावर गेल्या होत्या. पाठ. मी म्हटलं, पाठ तर कुणालाच दिसत नाही, काहीही करा, साधी निळी करा.

"खामखा काहीही कसं करू? काळोख ह्याच्या पाठीलाच लागलाय. सगळा मार पाठीवर. आन तुम्ही पाठच काढली नाही."

त्यांनी पाठ कशी असावी यावर दोन दिवस चालून विचार केला. मी मनात दिवस मोजत होते. सोमवार गेला, मंगळवार गेला. मग त्यांनी कपाटातून स्वतःचा एक जुना तपकिरी स्वेटर काढला. कोपरांवर रफू केलेला. तो उसवला, लडी धुतल्या, खाली वजन बांधून दोरीवर टांगल्या, म्हणजे लोकरीतल्या वळ्या जातात. आणि त्या लोकरीची त्यांनी गुंडूला पाठ केली, वेगळा तुकडा विणून जोडलेली. उभ्या-उभ्या घट्ट रेघांची, हाताला खरखरीत लागणारी. बाकी गुंडू निळा आणि मऊ. पुढून लाडका, मागून सोसून बसलेला.

आत भरायला मी बाजारातून पांढरा कापूस आणला होता. तो त्यांनी परत केला. मुलाच्या हातात जायची वस्तू, तिच्या पोटात वापरलेलं कापड हवं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे बाळाची दुपटी जुन्या लुगड्यांची का करतात, नव्याला कुणाच्या अंगाची ओळख नसते म्हणून. त्यांनी आपलं एक विरलेलं सुती लुगडं फाडून बारीक तुकडे केले आणि गुंडूच्या डोक्यात ठासायला सुरुवात केली.

पण उसवणं काही थांबेना. पहिल्यांदा डोकं मोठं झालं म्हणून. दुसऱ्यांदा कान चुकीच्या बाजूला मोडला म्हणून. खरा कान कोणता, हे आता त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. गुरुवारी गुंडू कमरेपर्यंत आला आणि चौथ्या फेरीत एक मुका खांब, म्हणजे एक टाका, कमी पडलाय, असं त्यांना दिसलं. मी अक्षरशः हात जोडले. रडायचीच बाकी होते. त्यांनी माझ्याकडे बघतबघत सगळा गुंडू मानेपर्यंत उसवला. मी खोलीत जाऊन दार आपटलं. पडद्यावरून सावली जात राहिली, येत राहिली.

शनिवारी सकाळी नऊला मालकांचा फोन आला. मी खिडकीशी उभी राहून बोलत होते. त्यांनी विचारलं, तयार आहे ना? मी म्हटलं, हो सर, तयार. किती दिवस लागले, म्हणून विचारलं. मी हिंदीत म्हणाले, ऑफिसहून आल्यावर रोज थोडं-थोडं केलं, सगळं माझ्या हातानं, कुणाची मदत नाही. आणि तेवढ्यात सावली आली. काकू खिडकीपाशी होत्या. निम्मी गोष्ट ऐकायची त्यांना सवय. त्या दिवशी नेमकी ही निम्मी त्यांच्या वाट्याला आली.

त्या तशाच पुढं गेल्या. मला वाटलं, ऐकलं नसेल. माणूस स्वतःला किती पटकन फसवतं.

ऑटो खाली येऊन उभा होता. काकूंनी सांगितलं, तू हो खाली, शेवटची फेरी राहिली, टोपलीतून सोडते. भाजी आणि दही वर घ्यायला त्यांनी गॅलरीला दोरीची टोपली बांधलेली होती. मी धावत खाली गेले. दोन मिनिटांत टोपली आली. तिच्यात गुंडू, उताणा, निळा, मोडक्या कानाचा. आठ महिने स्क्रीनवर बघितलेला माझा प्राणी मी पहिल्यांदा हातात घेतला. त्याला वजन होतं. मला एकदम भरून आलं. मग दिसलं, बुडाचा धागा तोडलेला नव्हता. तो सरळ वर दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता, काकूंच्या पिशवीत.

"हे कुणी केलं?" काकूंनी वरून विचारलं.

मी हसून म्हटलं, तुम्हीच की, धागा तोडा ना काकू, उशीर होतोय.

"ते मला ठाऊक हाय. तिथं काय सांगितलीस?"

पानवाला मान वर करून बघायला लागला. शिंप्यानं मशीन थांबवलं.  आणि धागा हलला. गुंडूच्या बुडाचा एक टाका सुटला. मग दुसरा. काकू शांतपणे धागा ओढत होत्या आणि बोटांवर गुंडाळत होत्या. बुडाचं भोक रुपयाएवढं झालं, मग लिंबाएवढं. लुगड्याचा एक तुकडा बाहेर डोकावला. मी हातानं दाबून धरत होते आणि वरून फक्त धागा सरकत होता.

ऑटोवाला म्हातारा होता. त्याला काय चाललंय हे कळत नव्हतं, घाई मात्र कळत होती. तो म्हणाला, "दाँत से तोड लो बेटी, टाइम हो रहा."

एक वाक्य बोलायचं होतं. मी सांगेन, एवढंच. मी धागा दाताखाली धरला आणि तोडला.

ऑटो निघाला तेव्हा मी वर पाहिलं. काकू चालत नव्हत्या. कठड्याशी उभ्या होत्या आणि सुटा धागा हळूहळू वर जात होता.

ऑफिसात मुलं आली. माशाकडे पाच मिनिटं गेली, पंख ओढून झाले. मग एकानं गुंडूला उलटा केला. त्यानंतर गुंडू कुणाच्या हातातून खाली आलाच नाही. सगळ्यांना त्याची पाठ हवी होती. कुणी नखानं खरवडत होतं, कुणी गाल घासत होतं. एका मुलानं विचारलं, याला मागे लागलंय का? दुसऱ्यानं सांगितलं, अरे, काळोख मागून येतो ना. मालक माझ्याकडे बघून हसले. मी जिंकले होते. मला उभंही राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

मग सहा-सात वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एका हातात गुंडू, दुसऱ्या हातात लुगड्याच्या चिंध्या. बूड पूर्ण उघडलं होतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "दीदी, इसको बंद करो."

मालक म्हणाले, हो ना, दोन मिनिटांचं काम, तूच केलंयस. कुणीतरी सुई-दोरा शोधायलाही गेलं. सगळे माझ्याभोवती जमले. आणि मला ती सासरची मुलगी आठवली, दार लावून अकरा वर्षं बसलेली. इतकी स्पष्ट आठवली की मला तिचा चेहरा दिसला, आणि मी तर तिला कधी पाहिलंही नव्हतं. मी म्हटलं, मला येत नाही. हे मी केलेलं नाही. माझ्या घरमालकिणीनं केलंय. मी खोटं बोलले.

 मुलांना काहीच फरक पडला नाही, त्यांना तो बंद करून हवा होता.

दुपारी परत आले. काकू चालत होत्या. मी त्यांच्या बरोबरीनं चालायला लागले आणि सगळं सांगितलं, चिंध्यांपर्यंत. काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गुंडूला घेतलं, चिंध्या परत आत कोंबल्या, मी तोडलेल्या धाग्याला नवा धागा बांधला. ती गाठ त्यांनी आत लपवली नाही. बाहेरच ठेवली. तीन फेऱ्या त्यांनी भराभर घातल्या. मग गुंडू माझ्या हातात दिला आणि सुई दिली.

"सहा राहिले. तू कर."

मी खाली बसायला लागले, तर म्हणाल्या, बसून नक्को, चाल. आणि त्या आत गेल्या. खुर्चीवरच्या लडी त्यांनी उचलून पलंगावर टाकल्या, खुर्ची उंबऱ्यापाशी आणली, आणि बसल्या. मी थिजून बघत राहिले. त्यांनी हातानंच खूण केली, चाल. मी नळापासून जिन्यापर्यंत चालले, आणि परत. त्यांच्यासमोरून गेले, की सांगायच्या, सुई आत घाल, धागा धर, ओढ. माझा टाका सुटायचा. परत घालायची. सहा टाक्यांना मला सगळी संध्याकाळ लागली. तेवढा वेळ त्या बसून होत्या, पाय लांब करून, हात मांडीवर रिकामे. त्यांना बसता येतं, हे तेव्हा मला कळलं. त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी चालायला हवं होतं, एवढंच.

सहावा टाका झाला. धागा सगळ्यांतून ओवून आवळला, गाठ मारली. ओबडधोबड, एका बाजूला फुगलेली. मी गुंडू त्यांच्या हातात दिला आणि उसवण्याची वाट बघत उभी राहिले. त्यांनी अंगठा फिरवून बघितलं. खूप वेळ बघितलं.

"राहू दे," म्हणाल्या.

सोमवारी मालकांनी बोलावलं. मी सामान आवरायच्या तयारीनंच गेले होते. त्यांचा चेहरा पडलेला होता. खोटं बोलल्याचं त्यांना लागलं होतं आणि त्यांनी ते सांगितलंही. जायच्या आधी मी म्हटलं, सर, एक गोष्ट सांगून जाते. गुंडू वळला की त्याचा मोडका कान बदलतो. त्यांनी गेम उघडला, गुंडूला इकडून तिकडे पळवला, आणि कपाळावर हात मारला. कुणी बघितलं हे, म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. दुसरी बाजू नव्यानं काढायला त्यांनी मला तीन महिने ठेवलं, आणि मग तीन महिन्यांनी मला जा म्हणायला ते विसरले असावेत. परभणीचे लोक फार काळ थांबले नाहीत.

गेम आला तेव्हा फार कुणी खेळलं नाही. पण त्यात गुंडू वळतो आणि त्याचा कान जागच्या जागी राहतो. शेवटी नावांची यादी येते, त्यात काकूंचं नाव घालायचं मी मालकांकडून कबूल करून घेतलं होतं. काकूंनी ऐकलं आणि नको म्हणाल्या. त्यांना नाव नको होतं. खोटं नको होतं, एवढंच.

ती बिल्डिंग आता पाडली. काकू बीदरला पुतण्याकडे गेल्या. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. फ्लॅट चांगला आहे, सून चांगली आहे, पण आठ पावलांत भिंत लागते, म्हणाल्या. बोलताना मागे स्लिपरचा आवाज येत होता. आठ पावलं, थांबून वळणं, पुन्हा आठ. मग त्यांनी विचारलं, गुंडूची गाठ टिकली का? मी म्हटलं, टिकली.

गुंडू माझ्या टेबलावर असतो. येणारा प्रत्येक जण त्याला उचलतो, पाठीवरून हात फिरवतो आणि विचारतो, हे कुणी केलं? मी गुंडूला उलटा करते, बुडाचे ते सहा वाकडे टाके दाखवते आणि सांगते, एवढे मी केले.